अक्का, नांदेड आणि जळवा

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात, आणि त्या सोळाही रस्त्यांवर आमच्या अक्काच्या पायाला औषध सुचविणारी माणसे राहतात, असे माझे पक्के मत झाले आहे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन लातूरला गेली ती लातूरचीच झाली. तिच्या डाव्या घोट्याजवळ शिरा फुगून एक जखम झाली होती. आठ महिने झाले तरी ती भरायचे नाव घेईना. कुणी लेप सांगितला, कुणी पाला. अखेर शेजारच्या काकू म्हणाल्या, "नांदेडला जावा. तिथले एक वैद्य जळवा लावतात." लगेच अक्काने मला पुण्याहून बोलावून घेतले.

"जळवा? आपल्या अंगाला?" मी दचकून विचारले. लहानपणी डबक्यातून वर आलेल्या म्हशींच्या पोटाला त्या लोंबताना पाहिलेल्या. एवढीच आमची ओळख!

"तुला नाही लावणार. तू नुसती पिशवी धर," अक्का म्हणाली.

चाकूर, अहमदपूर, लोहा करीत एस.टी. निघाली. सोयाबीन निघून गेलेली काळीभोर राने दोन्ही बाजूंना पसरली होती. वाटभर अक्का, जखम भरली की कुठेकुठे जायचे, ते सांगत होती. इतक्या उत्साहात मी तिला वर्षभरात पाहिले नव्हते.

नांदेडला आयुर्वेदाचे सरकारी महाविद्यालय आहे. त्यामुळे गावाला वैद्यांचा तोटा नाही. आमचे वैद्यबुवा एका जुन्या वाड्यात बसत. फळीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या, प्रत्येकीत दोनतीन जळवा आणि वर रोग्याच्या नावाची चिठ्ठी. एकाची जळू दुसऱ्याला लावायची नाही, हा तिथला कडक नियम. पाणी मात्र विहिरीचे. नळाच्या पाण्यातले औषध या बाईसाहेबांना सोसत नाही.

आमच्या आधी कंधारकडचे एक शेतकरी बसले होते. पायावर जुनाट चट्टा होता. वैद्यांनी जळू हळदीच्या पाण्यात सोडली. ती तरतरीत झाली, तशी स्वच्छ पाण्यातून काढून चट्ट्यावर ठेवली. सुईने टोचून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर तिने तोंड टेकले, मान उचलून कमान केली आणि काम सुरू! वर ओला कापूस. "दुखतं का हो?" मी विचारले. "मुंगी चावल्यागत," ते म्हणाले. पाऊण तासाने ती टम्म फुगून आपणहून गळून पडली. वैद्यांनी तिच्या तोंडाला हळद लावली, तशी तिने प्यालेले सारे ओकून टाकले.

वाचकहो, हे सारे सुश्रुताने लिहून ठेवले आहे. त्याच्या संहितेत जळवांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. जळवा बारा जातींच्या. त्यांतल्या सहा विषारी, सहा निर्विष. म्हातारे, मुले, बायका, भित्रे अशांचे रक्त काढायचे तर हाच सर्वांत सौम्य उपाय, असे त्याचे मत. जळूच्या लाळेतला रक्त गोठू न देणारा गुण हेक्राफ्ट या शास्त्रज्ञाने १८८४ साली दाखवून दिला. तुटलेले बोट जोडल्यावर तुंबलेले रक्त काढायला आजचे शल्यविशारदही जळवा वापरतात. अमेरिकेच्या सरकारने २००४ साली त्याला मान्यता दिली. मात्र अतिरेक झाला की औषधाचे विष होते. फ्रान्समध्ये एके काळी हरएक दुखण्याला जळू लावीत. १८३३ या एका वर्षात त्या देशाने चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून मागविल्या!

अक्काची पाळी आली. वैद्यांनी जखम पाहिली, नाडी पाहिली आणि विचारले, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"ब्लड प्रेशरची एक," अक्का म्हणाली.

पिशवी माझ्याकडे होती. मी गोळ्यांची डबी काढून पुढे ठेवली. अक्काने माझ्याकडे असे पाहिले, की मी पुन्हा आठ वर्षांचा झालो.

"ही रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे," वैद्य म्हणाले. "जळू निघाल्यावर एरवीसुद्धा काही तास रक्त झिरपतं. तुमचं थांबवणं अवघड जाईल. मी लावणार नाही."

"मग गोळी आजपासून बंद करते."

"अजिबात नाही! तुमच्या हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून ती दिलीय. पायासाठी जीव धोक्यात घालता का, ताई?"

त्यांनी लातूरच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली : पायाचा रक्तपुरवठा तपासावा, आणि तो ठीक असल्यास दाबपट्टीचा विचार व्हावा. फी विचारली, तर म्हणाले, "केलं काय, म्हणून घेऊ?"

दुपारी आम्ही सचखंड गुरुद्वाऱ्यात गेलो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला, ते हे स्थान. लंगरात पंगतीला बसलो. अक्काच्या पानातली रोटी तशीच होती. "एवढ्या लांब आले रे," एवढेच ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. मला काही बोलता आले नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी पाय तपासून दाबपट्टी बांधायला सुरुवात केली. बसताना पाय उंचावर ठेवायला सांगितले. चार महिन्यांनी जखम भरून आली.

आता गंजगोलाईत कुणाचा पाय दुखला, की औषध सांगायला अक्का पुढे असते. "जळवा लावायच्या तर नांदेडला जावा," ती म्हणते, "पण गोळ्यांची डबी लपवू नका. आणि सोबत माझ्या भावासारखा चुगलखोर न्या!"