पाहुण्याचा चिरूट

आमच्या बाहेरच्या खोलीतील पुस्तकांच्या कपाटात, अगदी खालच्या खणात, एक लाकडी पेटी आहे. पाहुण्यांना ती दागिन्यांची किंवा जुन्या पत्रांची वाटते. तिच्यात चिरूट आहेत असे सांगितले की समोरच्या चेहऱ्यावर थोडे आश्चर्य, थोडी नापसंती आणि पुष्कळसे कुतूहल उमटते. मराठी शिकवणाऱ्या नवराबायकोच्या घरात चिरूट असावेत हे अनेकांना विसंगत वाटते, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आम्हा दोघांपैकी एक जण वर्षातून फार तर दोनदा चिरूट ओढतो, दुसरीला त्याचा वासही सोसत नाही. तरीही ही पेटी आम्ही निगुतीने सांभाळत आलो आहोत. ती काकांची आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण थोडे लांबून सांगावे लागेल.

काका व्यापारी जहाजांवर अभियंता होते. निवृत्त झाल्यावर ते रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी येऊन राहिले. संध्याकाळी त्यांच्या पडवीत बैठक भरत असे. गावातल्या जुन्या घरांतून पूर्वी पानाचे तबक फिरे. पान, चुना, कात, सुपारी, लवंग, वेलदोडा एकत्र, आणि तंबाखूची डबी मात्र बाजूला. कोणापुढे नुसती सुपारी सरकवायची आणि कोणापुढे ती डबी उघडायची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना न विचारता कळे. काकांची पेटी म्हणजे त्या तबकाचाच समुद्रापार जाऊन आलेला अवतार होता. 'चिरूट' हा शब्द तरी कुठे सरळ वाटेने आला आहे? तमिळमधील 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळलेली वस्तू, युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडी बसली आणि पुढे आपल्याकडे 'चिरूट' होऊन स्थिरावली. इंग्रजीत 'चेरूट' आणि 'सिगार' हे दोन वेगळे प्रकार मानतात. मराठीने दोघांनाही एकाच नावाखाली घेतले. आम्हीही येथे तेच करणार आहोत.

कोकणात चिरूट सांभाळणे हे काम सोपे नाही. त्याला हवेत साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात तिकडची हवा याच्या कितीतरी वर जाते आणि पानांवर बुरशी धरते. शिवाय तंबाखूच्या पानात एका बारीक भुंगेऱ्याची अंडी असू शकतात, आणि पारा २५ अंशांच्या वर राहिला की ती उबतात. मग चिरुटाला टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात. त्यामुळे नवे चिरूट आले की काका ते पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवीत आणि काकू तीन दिवस त्यांच्याशी तुटक बोलत. पेटीच्या आतले लाकूड 'स्पॅनिश सिडार' या नावाने ओळखले जाते. प्रत्यक्षात ते स्पेनचेही नव्हे आणि सिडारही नव्हे. तो आपल्या कडुलिंबाच्या कुळातला अमेरिकी वृक्ष आहे. हे सांगताना काकांना फार आनंद होई.

पण त्यांची खरी विद्या जपणुकीत नव्हती, निवडीत होती. पेटीत तीन कप्पे होते आणि पाहुणा पायऱ्या चढत असतानाच त्याचा कप्पा ठरत असे. गावचे डॉक्टर सठीसहामाशी ओढणारे. त्यांना काका आखूड आणि सौम्य चिरूट देत, ज्याचे वरचे पान कापडी मांडवाच्या सावलीत वाढवलेले, फिकट असते. आखूड अशासाठी की तो अर्ध्या तासात संपतो. क्वचित ओढणाऱ्याच्या हाती सात इंची चिरूट दिला तर त्याला तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ, सौजन्यापोटी धूर काढत बसावे लागते. फार बारीक चिरूटही काका नवख्याला देत नसत. तो घाईघाईने ओढला की तापतो आणि जीभ भाजते.

एकदा बंदरावरचा एक म्हातारा तांडेल काही कामासाठी आला होता. डॉक्टरही बसलेले होते. आमच्यापैकी एकाने आपली अक्कल वापरून तांडेलापुढेही तोच सौम्य चिरूट धरला. चार झुरके झाल्यावर तो संकोचाने म्हणाला, "अप्पा, ह्याच्यात काय लागतच नाही. नुसती वाफ."

काका मोठ्याने हसले. त्यांनी तिसऱ्या कप्प्यातला, त्यांच्या स्वतःच्या आवडीचा, सर्वांत कडक आणि सर्वांत महागडा चिरूट काढून त्याच्या हाती दिला. जन्मभर विडी ओढलेल्या त्या माणसाने तो शेवटच्या दोन बोटांपर्यंत समाधानाने ओढला. तो गेल्यावर काका आम्हाला म्हणाले, "अरे, पाहुण्याची पत बघायची नाही, सवय बघायची."

पाहुणे गेले की ते रक्षापात्र जवळ ओढत आणि थोटके न्याहाळत. कोणी किती ओढून टाकला, कोणाचा मध्येच विझला, कोणी टोक चावून चावून भिजवले, सगळे पाहून एका वहीत टिपून ठेवीत. "डॉक्टर. लहान, फिकट. अर्धा टाकला. पुढच्या वेळी याहून लहान." अशा त्या नोंदी असत. कसा वाटला, असे त्यांनी कोणालाही कधी विचारले नाही. "विचारलं की माणूस छान होता असंच म्हणणार. थोटूक खोटं बोलत नाही," असे त्यांचे म्हणणे.

काका गेले तेव्हा काकूंनी पेटी आणि वही आमच्या स्वाधीन केली. वहीकडे आम्ही लक्ष दिले नाही. पेटी मात्र मिरवली.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या महाविद्यालयात एक चर्चासत्र झाले. त्यासाठी आलेले एक नामवंत समीक्षक रात्री आमच्या घरी जेवायला होते. ते सिगारेट ओढतात हे ठाऊक होते. जेवायला अवकाश होता. आम्ही पेटी काढली आणि तिसऱ्या कप्प्यातला सात इंची चिरूट त्यांच्यापुढे केला. तोच का, याचे प्रामाणिक उत्तर एवढेच की पेटीतला तो सर्वांत मोठा होता आणि पाहुणेही मोठे होते. त्यांनीही तो मोठ्या कौतुकाने घेतला. वीस मिनिटांत त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम आला, हातातले पुस्तक खाली ठेवून ते भिंतीला टेकून बसले. आम्ही घाबरून गेलो. काय झाले असेल याचा अंदाज आमच्यापैकी जिला वास सोसत नाही तिलाच आधी आला. तिने गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवले. हळूहळू त्यांना बरे वाटले. जेवण मात्र त्यांना गेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वही उघडली. पहिल्याच पानावर काकांनी लिहून ठेवले होते की सर्वांत जास्त जपायचे ते सिगारेट ओढणाऱ्याला. चिरुटाचा धूर छातीत घ्यायचा नसतो. तो अल्कधर्मी असतो आणि त्यातले निकोटिन तोंडातूनच शरीरात जाते. सिगारेटवाला सवयीने धूर आत ओढतो आणि त्याला भोवळ येते. म्हणून त्याला कडक देऊ नये, उपाशीपोटी तर मुळीच देऊ नये, आणि जवळ काहीतरी गोड ठेवावे. वरच्या पानाच्या रंगावर जाऊ नये. काळसर पान पुष्कळदा गोडसर आणि मऊ निघते. कडकपणा ठरतो तो आतल्या पानांवरून. रोपाच्या शेंड्याकडील, अधिक ऊन खाल्लेली जाड पाने ज्यात जास्त, तो कडक. म्हणजे बाहेरून ओळखू येणारे जवळजवळ काहीच नाही. देणाऱ्याला आपली वस्तू आतून ठाऊक असली पाहिजे आणि घेणाराही ठाऊक असला पाहिजे. कोकणात आल्यागेल्यापुढे आधी गूळपाणी ठेवतात, ते आम्ही लहानपणापासून पाहत आलो. उन्हातून आलेल्याला काय झेपेल, याचा विचार त्या रीतीत आहे. आमच्या चिरुटात तो नव्हता. त्यात होती फक्त आमची आवड, आणि तीही उसनी.

त्या रात्रीची रुखरुख आम्हाला भलत्याच ठिकाणी घेऊन गेली.

क्यूबातील चिरुटांच्या कारखान्यांत एक सुंदर प्रथा आहे. १८६५ साली हवाना शहरात 'एल फिगारो' नावाच्या कारखान्यात ती सुरू झाली. शेकडो कामगार ओळीने बसून पाने वळत असतात. हात गुंतलेले, कान मोकळे. त्यांच्यासमोर उंच आसनावर बसून एक वाचक मोठ्याने वाचतो, आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. त्याचा मेहनताना त्या काळी कामगार स्वतःच्या मजुरीतून देत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्ताधाऱ्यांनी त्यावर बंदी घातली, यावरून त्या वाचनाची ताकद लक्षात यावी. प्रथा मात्र मेली नाही, ती आजही चालू आहे. १९३५ सालच्या 'मॉन्टेक्रिस्टो' चिरुटाला नाव मिळाले ते अलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबरीवरून. ही कादंबरी कामगारांची फार लाडकी होती, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आम्हाला यातील सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. पुढची कादंबरी कोणती वाचायची हे कामगार मत देऊन ठरवीत. त्यांतल्या अनेकांना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांना काय झेपेल हे परस्पर कोणी ठरवले नाही, आणि त्यांनी निवडले ते ह्यूगो आणि ड्यूमा. आम्ही सौम्य चिरूट पुढे केलेला तो तांडेल येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

हे वाचत असताना आम्हाला आमचा एक विद्यार्थी आठवला. घरातला महाविद्यालयात आलेला पहिलाच मुलगा. रोज एसटीने दीड तास येई आणि दीड तास परत जाई. प्रथम वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, अभ्यासाचं नको. नुसतं वाचायला काहीतरी द्या." प्राध्यापकाच्या आयुष्यात असा क्षण वारंवार येत नाही. आम्ही त्याला एक दाट, अवघड, आम्हाला अत्यंत प्रिय असलेली कादंबरी दिली. मराठीत काय घडू शकते ते त्याला एकदम कळावे, असा आमचा हेतू. तो आतापर्यंत काय वाचत आला, घरी कोणते पुस्तक आहे, प्रवासात त्याला बसायला तरी मिळते का, यातले काहीही आम्ही विचारले नाही. पंधरा दिवसांनी त्याने पुस्तक परत केले. कसे वाटले, असे आम्ही विचारले. "छान होतं, सर," तो म्हणाला. आम्ही खूश झालो. त्यानंतर तो पुस्तक मागायला आला नाही.

काकांची वही वाचल्यावर आम्ही ती कादंबरी कपाटातून काढली. एकेचाळिसाव्या पानाशी एसटीचे तिकीट होते. त्यापुढची पाने कोरी करकरीत, एकमेकांना चिकटलेली. थोटूक इतकी वर्षे आमच्याच घरात होते. आम्ही ते पाहिले नव्हते, एवढेच.

आता प्रश्न राहतो तो मुळात चिरूट द्यावाच का, हा. तो आम्ही टाळणार नाही. फ्रॉइडला १९२३ साली जबड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. तीसहून अधिक शस्त्रक्रिया सोसूनही त्याचे चिरूट सुटले नाहीत आणि १९३९ साली तो त्याच दुखण्याने गेला. क्वचित ओढणाऱ्याला धोका कमी असेल, पण धूर तो धूरच. खुद्द काकांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर चिरूट सोडला होता. शेवटची काही वर्षे ते पाहुण्यांसाठीच पेटी उघडत. त्यांचा नियम असा की ज्याने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही त्याच्यापुढे पेटी न्यायचीच नाही, आणि इतरांनाही एकदाच विचारायचे. नको म्हटले की बडीशेपेची वाटी पुढे करायची आणि विषय बदलायचा. आम्ही त्यात आमचा एक नियम जोडला आहे. आजी असो वा माजी, विद्यार्थ्यापुढे ही पेटी उघडायची नाही.

विद्यार्थ्यापुढे उघडायचे ते वरचे कपाट. तिथे आता आमचेही तीन कप्पे आहेत, आणि शेजारी एक वही आहे. नवा मुलगा पुस्तक मागायला आला की आम्ही आधी त्याला बसवतो, पाणी देतो, आणि तो कुठून येतो ते विचारतो. मागे तो एसटीवाला विद्यार्थी अचानक भेटला. तालुक्याच्या गावी त्याचे खतांचे दुकान आहे. घरी आला, चहा झाला. निघताना आम्ही त्याच्या हातात एक पातळसा कथासंग्रह ठेवला. त्यातल्या कुठल्याही कथेला एसटीचे दोन थांबे पुरावेत. पुस्तक अजून परत आलेले नाही. कसे वाटले, असे विचारायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. परत येईल तेव्हा तिकीट कितव्या पानाशी आहे, ते पाहू.