चार्ज घेताना

सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेची परिसेविका झाले, रोजच्या बोलीत सांगायचं तर ‘इन्चार्ज सिस्टर’ झाले. पेढे वाटून होतात न होतात तोच मोजणीला बसले. चार्ज घ्यायचा म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर उघडून एकेक वस्तू डोळ्यांनी बघायची: खाटा, सलाइनचे स्टँड, सक्शन मशिन, कात्र्या. मोडकी वस्तूही निर्लेखन होईपर्यंत रजिस्टरात जिवंत असते. आता ती माझ्या नावावर. वॉर्डभर माझी सही झाली आणि पेशंटच्या शिरेवरचा हात सुटला.

त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? सुजलेल्या हातावर पहिल्या टोचणीत शीर सापडणं ही वर्षानुवर्षांची कमाई. आता समोर असतात इंडेंट, धोब्याकडच्या चादरींचा हिशेब आणि ड्युटीचा तक्ता.

पण या खुर्चीत बसले आणि आधीच्या इन्चार्ज बाई नव्यानं कळायला लागल्या. आम्ही त्यांना खडूस म्हणायचो. पोटॅशियम क्लोराइड त्या इतर इंजेक्शनांत ठेवूच देत नसत. दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखीच अँप्यूल. सलाइनमध्ये मिसळून सावकाश सोडली तर औषध, थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबवणारी. म्हणून तिला वेगळं कपाट, कुलूप, लाल चिठ्ठी.

इन्सुलिनचंही तेच. आपल्याकडे मिलीला 40 युनिटची बाटली सर्रास येते. तिला लाल टोपणाची, 40 चीच सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज 100 ची. 40 च्या बाटलीतून 100 च्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढलं तर पेशंटला मिळतात फक्त 8 युनिट. उलटी गफलत जास्त घातक: 100 ची बाटली आणि 40 ची सिरिंज असेल तर त्याच 20 च्या खुणेला 50 युनिट जातात. बाईंनी या दोन सिरिंजा एका ड्रॉवरमध्ये कधी येऊ दिल्या नाहीत. मध्यरात्री, अर्धवट झोपेत, मी त्या ड्रॉवरमधून किती निर्धास्तपणे सिरिंज उचलली असेन! ते निर्धास्तपण कुणीतरी रोज माझ्यासाठी मांडून ठेवत होतं, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 1859 च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये किरकोळ व्यवस्थेवर एक छोटं प्रकरण आहे. आपण हजर असताना जे करतो, ते आपण नसतानाही व्हावं अशी तजवीज कशी करायची, हा त्याचा विषय. शिकताना मी ते परीक्षेपुरतं वाचलं. दिवा घेतलेल्या बाईंचं चित्र सगळ्यांना आवडतं. मला आता हे रूक्ष प्रकरण जास्त मोलाचं वाटतं.

तक्ता लावणं मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. दोन नवख्या मुली एका रात्रपाळीला नकोत. एकीची सासू अंथरुणाला खिळलेली, दुसरीचा नवरा परगावी. जुने तक्ते चाळताना दिसलं, की माझ्या मुलीच्या दहावीच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या नावापुढे एकही रात्र नाही. मी मागितलं नव्हतं. बाईही कधी बोलल्या नाहीत.

न राहवून त्यांना फोन केला. आता निवृत्त आहेत. मी आभार मानायला लागले तर मध्येच म्हणाल्या, “ते राहू दे गं. क्रॅश ट्रॉली उघडून बघितलीस का आज? लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतोय?” बघितली होती. लागत होता.

मावशी आणि मामा तर माझ्या आधीपासून हा वॉर्ड चालवतात. कोणत्या आजीनं जेवण तसंच परत पाठवलं, हे मला केसपेपरच्या आधी मावशींकडून कळतं. पदोन्नतीचा आदेश माझ्या एकटीच्या नावाचा असला तरी काम त्यांच्याच जोरावर चालतं.

पेशंटच्या नातेवाइकांना मात्र एक विनंती. सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन निघाली असेल तर तिला मध्ये थांबवून रिपोर्टचं विचारू नका. मोजत असलेला डोस तिथेच चुकू शकतो. जे विचारायचं ते मला विचारा. माझं टेबल वॉर्डाच्या दाराशीच आहे.