चाकांवरचे घर आणि वडोदऱ्याचे दार

प्रवासास निघताना घरच बरोबर घेऊन जावे ही कल्पना आपल्या खेड्यांतील वडीलधाऱ्या मंडळींस नवी वाटू नये. मोटारी येण्यापूर्वी सणास अथवा लग्नास दूरच्या गावी जावयाचे म्हणजे बैलगाडी जुंपली जाई. तिच्यावर छप्पर, आत पेंढा व गोधड्या, आणि एका बाजूस तांदूळ, सुकी मासळी व सरपण. वाटेत एखाद्या विहिरीपाशी बैल सोडले की तेथेच तीन दगडांची चूल मांडली जाई. दूरदेशीच्या हौशी लोकांनी याच गोष्टीस पुढे डौलदार रूप दिले. इंग्लंडात डॉ. गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने १८८५ साली घोड्यांनी ओढावयाचे एक सुंदर घर बांधवून घेतले, त्यास ‘वाँडरर’ म्हणजे भटक्या असे नाव दिले आणि त्यातून देशभर संचार केला. मोटारी आल्यावर घोड्यांचे काम मोटारीकडे गेले व अमेरिकेत तर अशी घरे हजारोंनी रस्त्यावर धावू लागली. आपल्याकडे मात्र हा प्रकार अजून विरळाच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी धोरण आखले. तथापि मोटारीमागे घर जोडून निघालेले दांपत्य दिसले की आजही लोक नांगर सोडून रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहतात.

असे एक दांपत्य वसई भागातील आपल्याच लोकांपैकी आहे. पती नोकरीतून निवृत्त झालेले. पत्नी आयुष्यभर शाळेत शिकविणाऱ्या. मुले परदेशी. त्यांनी एका कारागिराकडून जेमतेम बारा फूट लांबीचा एक ट्रेलर करवून घेतला आहे. आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, भांडी ठेवण्याचे कपाट आणि भिंतीवर लहानसा क्रूस. गेल्या हिवाळ्यात ही उभयता आपल्या जुन्या मित्रांच्या भेटीस वडोदऱ्यास निघाली. मलाही त्याच सुमारास तेथे काम होते, म्हणून मोटारीच्या मागच्या आसनावर मला जागा मिळाली.

घर ओढीत नेणे हे वाटते तितके सोपे नाही. मोटारीच्या मागे लोखंडी गोळा असतो. त्यावर ट्रेलरचा आकडा बसवितात, वर सुरक्षेसाठी साखळ्या अडकवितात आणि दिव्यांची तार जोडतात, म्हणजे मोटारीचा ब्रेक दाबला की मागच्या घराचाही लाल दिवा लागतो. सामान भरण्याचेही शास्त्र आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा आकड्यावर पडावा लागतो. सारे जड सामान मागे लोटले तर वेग वाढताच घर शेपटीसारखे डोलू लागते. सर्वांत कठीण काम गाडी मागे घेण्याचे. ट्रेलर डावीकडे वळवायचा असेल तर चाक उजवीकडे फिरवावे लागते. बैलगाडी मागे सारताना ज्यांनी बैलांची समजूत घातली आहे त्यांना हे लवकर उमगते, असे आमचे सारथी हसत म्हणाले. शिवाय घर धावत असताना त्यात कोणी बसावयाचे नसते. सारी माणसे मोटारीत, घर रिकामे.

वसईहून वडोदरा साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. पूर्वी आठ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा हा महामार्ग आता अठ्ठेचाळीस क्रमांकाचा झाला आहे. मनोर, चारोटी, तलासरी अशी गावे मागे पडतात, डोंगरांच्या रांगा उजव्या हातास सरत जातात आणि मग राज्याची सीमा येते. पश्चिमेस, समुद्राच्या अंगाला, संजाण आहे. स्वदेश सोडून आलेल्या पारशी बांधवांस शेकडो वर्षांपूर्वी तेथे आश्रय मिळाला, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे उदवाडा, १७४२ पासून त्यांचा पवित्र अग्नी तेथे तेवत आहे. नवसारी हे जमशेटजी टाटांचे १८३९ चे जन्मस्थान, आणि ती नवसारी तेव्हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

दमणगंगा, अंबिका, पूर्णा, तापी अशा नद्या ओलांडीत आम्ही दुपारी भरूचजवळ नर्मदेच्या पात्रावर आलो. तेथे १८८१ साली पुरा झालेला जुना लोखंडी पूल अजून उभा आहे, आणि महामार्गावर २०१७ साली खुला झालेला, तारांनी तोललेला नवा पूल आहे. जड ट्रक शेजारून गेला की ट्रेलर किंचित ओढला जाई व बाईंचा हात नकळत गळ्यातील पदकाकडे जाई. पतींनी वेग साठाच्या वर एकदाही नेला नाही.

त्यानंतर कर्जण लागले. याच्या लगतचे मियागाम रेल्वेच्या इतिहासात मानाने उल्लेखिले जाते. १८६२ साली खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात डभोई ते मियागाम असा अरुंद रुळांचा लोहमार्ग घातला गेला आणि त्यावरील डबे प्रारंभी चक्क बैल ओढीत असत! वाफेची इंजिने तेथे १८८० पासून नियमित धावू लागली. आमच्या मागच्या घराकडे पाहून मला त्या बैलांची आठवण झाली.

आता ज्यांच्याकडे आम्ही निघालो होतो त्यांच्याविषयी. १९८० च्या सुमारास हे वसईकर गृहस्थ वडोदऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीस लागले, तेव्हा ते अविवाहित होते. एकट्या तरुणास, त्यातही मासळी खाणाऱ्यास, खोली मिळेना. अशा वेळी कारखान्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना दांडिया बाजारातील आपल्या वाड्यात नेले. ते घराणे जुने मराठी. पूर्वज गायकवाडांच्या दप्तरात कामास आलेले. वाड्यात मांसमच्छी शिजत नसे. परंतु आठ महिने त्या घरात या ख्रिस्ती तरुणास दोन्ही वेळा पान वाढले गेले, आणि रविवारी मिस्साबलिदानास जावयाचे म्हणून त्यांचा चहा सर्वांच्या आधी होत असे. त्या घरच्या सूनबाईंस ते तेव्हापासून ‘वहिनी’ म्हणतात व यजमानांस ‘दादा’.

आज ते कुटुंब शहराच्या कडेच्या एका सोसायटीत राहते. वहिनींस दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. त्यांचे सर्व दादांना करावे लागते. अशा घरात चार दिवस राहून त्यांच्यावर भार घालावयाचा नाही, आणि भेटीवाचूनही राहावयाचे नाही, म्हणून आमच्या मंडळींनी आपले घरच बरोबर आणले होते.

संध्याकाळी आम्ही पोहोचलो. ट्रेलर फाटकापाशी उभा राहिला, दादा बाहेर आले, गळाभेट झाली. परंतु पाहुणे रात्री कोठे निजणार हे कळताच त्यांचा चेहरा उतरला. “अरे, माझ्या ओटीवर आठ महिने निजलेला माणूस आज माझ्या फाटकाबाहेर निजणार? मग इतक्या लांब आलास कशाला?” यावर पती निरुत्तर झाले. त्यांनी मनात धरले होते ते प्रेमच होते. पण दादांच्या दारी ते परकेपणासारखे दिसले. वाचकहो, हा पेच लहान नव्हे. मित्रास त्रास होऊ नये असे आपण म्हणतो खरे. परंतु मित्रासाठी त्रास घेण्याचा जो त्याचा अधिकार, तोही आपण त्याच्याकडून काढून घेत असतो.

तोड काढली ती वहिनींनी. खाटेवरूनच त्या अडखळत म्हणाल्या, “निजू देत त्यांना तिथे. पण जेवण इथेच. आणि मला ते घर बघायचंय.”

तसेच झाले. दिवसा आमच्या बाई स्वयंपाकघरात दादांच्या बरोबरीने काम करीत. रात्री पाहुणे ट्रेलरमध्ये जात. मी धर्मग्रामाच्या पाहुणचारात होतो. १९६६ साली स्थापन झालेल्या वडोदरा धर्मप्रांतात मराठी बोलणारा धर्मगुरू आला की त्याला बोलावणी पुष्कळ येतात. मोकळ्या वेळी मी शहर पाहून घेतले. मराठी मनुष्यास येथे परके वाटत नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा १८७५ साली दत्तक येऊन येथील गादीवर बसला, आणि सयाजीराव महाराज म्हणून १९३९ पर्यंत त्याने राज्य केले. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास आणून गावोगावी वाचनालये उघडली. मराठी साहित्य संमेलन या शहरात १९०९, १९२१ व १९३४ साली भरले, आणि पुन्हा २०१८ साली.

तिसऱ्या दिवशी वहिनींस मोटारीत पुढच्या आसनावर बसविण्यात आले आणि घर मागे ओढीत सर्व मंडळी विश्वामित्रीच्या काठच्या सयाजीबागेत, ज्यास जुने लोक कमाटी बाग म्हणतात, तेथे गेली. महाराजांनी १८७९ साली वसविलेला हा बगीचा शहराचे विश्रांतिस्थान आहे. बागेच्या बाहेर सावलीत ट्रेलर उभा केला. दोघांनी धरून वहिनींस पायरीवरून आत नेले व खिडकीपाशी बसविले. झटका आल्यापासून डॉक्टरांकडे जाण्याखेरीज त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. आमच्या बाईंनी शेगडी पेटविली, चहा केला, आणि वसईची सुकेळी केळीच्या पानातून सोडून बशीत मांडली. वहिनी डाव्या हाताने एक एक तुकडा खात बाहेर धावणाऱ्या मुलांकडे पाहत होत्या. मग हसून म्हणाल्या, “आज मी पाहुणी.” दादांनी चष्मा पुसण्याचे निमित्त करून तोंड फिरविले.

त्याच ठिकाणी दादांनी मला एक गोष्ट सांगितली. ती मी पूर्वी वाचली होती, परंतु जागेवर उभे राहून ऐकताना तिचा अर्थ निराळा लागला. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले. करारानुसार १९१७ साली ते येथे नोकरीस आले. पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी उतारघरात त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन त्यांना निघून जाण्यास सांगितले. तेव्हा ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता, त्याने सुचविले की आपण आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. तो म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण. पती मनाने मोकळा झाला होता, पत्नी मात्र जुन्याच चालीची राहिली होती, असे बाबासाहेबांना पुढे कळले. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी याच बागेत बसून काढले. आज त्या स्मृतीस लोक संकल्पभूमी म्हणतात.

दादा म्हणाले, “फादर, त्या दिवशी त्यांनी आमच्या वाड्याचे दार ठोठावले असते तर आजोबांनी ते उघडले असते, असे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.” मी काय बोलणार? त्या कथेतले तिसरे दार आपल्या घरचेच होते. संजाणला आश्रय मिळालेल्यांच्या वंशजांनी तो नाकारला, हे आपणांस चटकन दिसते. बाप्तिस्म्याचे पाणी उंबरठ्यापर्यंत पोहोचूनही आत गेले नाही, हे दिसावयास अधिक वेळ लागतो.

आज आपल्या गावांत चाळी उठल्या आहेत व घराघरांत एखादी खोली भाड्यास असते. डोंगरपट्टीतील आदिवासी मुलगा कॉलेजासाठी जागा विचारीत येतो; परप्रांतातील परिचारिका येते; बांधकामावरील कुटुंब पोरेबाळे घेऊन दारात उभे राहते. आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? नाव विचारतो की आडनाव? आणि ‘घरात विचारून सांगतो’ हे शतकापूर्वीचे उत्तर आपल्या ओठांवर किती सहज येते! खोली खरोखरच नसेल तर तसे सांगावे. असेल तर दांडिया बाजारातील त्या वाड्याने काय केले ते आठवावे. चालीरीती न सोडताही त्याने परक्या मुलास पान वाढले, आणि त्या पानाचे ऋण फेडावयास चाळीस वर्षांनी एक घर साडेतीनशे किलोमीटर ओढीत आणले गेले.

निघण्याच्या आदल्या रात्री ट्रेलर फाटकापाशी रिकामाच उभा होता. आमचे दांपत्य दादांच्या ओटीवर सतरंजी घालून निजले, असे मला सकाळी कळले. वहिनींनी तसे सांगितले होते, आणि या वेळी त्यांना कोणी नाही म्हटले नाही.