सोमवार आमचा

लेणी सोमवारी बंद असतात. मुंबईकरांना हे बहुधा गेटवेवर पोचल्यावर कळतं आणि ते चडफडत परत फिरतात. घारापुरीत आमचं मात्र आठवडाभराचं घरकाम त्या एका दिवसाच्या भरवशावर साठत राहतं. बाकीचे सहा दिवस बेट पाहुण्यांचं. लेण्यांकडे चढणाऱ्या शंभर-सव्वाशे पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दुकानं, त्यातलं एक आमचं. मण्यांच्या माळा, टोप्या, दगडाचे छोटे हत्ती. फाल्गुन सरता सरता त्यात तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी येतात. "हत्ती कुठंय?" हा प्रश्न रोजचाच. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो इंग्रजांच्या काळातच मुंबईला गेला, आता राणीच्या बागेत आहे, असं सांगितलं की माणसाचा चेहरा पडतो. नेमकं तेव्हाच सासूबाई त्याच्या हातावर आमच्याकडचा छोटा हत्ती ठेवतात. धंदा त्यांच्याकडून शिकावा.

२०२४च्या एप्रिलमधला तो सोमवार मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी सोमवती अमावस्या होती आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. म्हणजे मंगळवारी एकीकडे सण, दुसरीकडे सुट्टीची गर्दी. जे काही करायचं ते सोमवारीच. आणि सोमवारी काय कधी करायचं, ते आम्ही नाही, पाणी ठरवतं.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे कुणी मोबाइल बघत नाही. तिथीची पाऊणपट करायची, झालं. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावस्येला हिशेब सव्वाअकराचा येतो, प्रत्यक्षात बारा धरावेत. म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला आणि पुन्हा संध्याकाळी सहाला, तीही उधाणाची, पार लांबवर खडक उघडे पाडणारी. भांगाच्या दिवसांत पाणी असं उतरत नाही. म्हणून पहाटे कालवं, दुपारच्या भरतीला उरण, आणि पाणी पुरतं उतरायच्या आत परत, असा बेत आदल्या रात्रीच ठरला. उरणच्या मोरा बंदरात गाळ इतका साचलाय की उधाणाच्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. तिकडे अडकलं की पाणी चढेपर्यंत बसा डास मारत.

मी करंजाची. समुद्र मला नवा नव्हता, बेट नवं होतं. माहेरी होडी चुकली तर रिक्षा असते. इथं तसं नाही. लग्न होऊन आले तेव्हा बेटावर वीजही नव्हती. जनरेटर संध्याकाळी तीन-साडेतीन तास चालायचा आणि तेवढ्यात मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, मालिका, सगळं उरकायचं. तो बंद झाला की समोर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनचे दिवे लखलखत असायचे. इतका उजेड, आणि त्यातला एक थेंब आमच्या ओसरीवर नाही. मला त्या दिव्यांचा राग यायचा, सासूबाईंना नाही. त्या म्हणायच्या, "आपल्याला फुकटचा देखावा." २०१८च्या फेब्रुवारीत समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली. पेपरवाले, टीव्हीवाले, मंत्री, सगळे आले, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी उजेड वगैरे छापून आलं. आमच्या घरात मोठा बदल झाला तो फ्रिजचा. त्याच्याबद्दल पुढे.

तर पहाटे मी, सासूबाई आणि शेजारची जाऊ खडकांवर उतरलो. एप्रिलात इतक्या लवकर हवा गार असते, हेच त्यातलं सुख. तिवरांच्या मुळांशी चिखलात निवट्या टुणटुणत होत्या. कालवं फोडायला नजर लागते. खडक आणि कालव यांचा रंग एकच. सासूबाई ठक्क करून एक घाव घालतात आणि आतला गर अखंड वाटीत. माझ्या निम्म्या कालवांत शिंपल्याची कच येते. त्यावर त्या कधी बोलत नाहीत, फक्त माझी वाटी वेगळी धुतात.

उजाडलं तसा उत्तरेकडे अटल सेतू दिसायला लागला. जानेवारीतच सुरू झाला होता. बावीस किलोमीटरचा पूल, गाड्या शिवडीहून पलीकडे जातात, आणि आम्ही मधे बसून बघतो. जावेचं म्हणणं, एक फाटा इकडे काढला असता तर काय बिघडलं असतं? मला विचाराल तर नको. रस्ता आला की सोमवार गेला.

घरी आलो तर अंगणात वाळवणाचं युद्ध सुरू होतं. या दिवसांत आमच्या प्रत्येक अंगणात तांदळाच्या पापड्या, जवळा आणि मसाल्याच्या मिरच्या एकदम वाळत असतात, आणि माकडांना तिन्हींचा पत्ता असतो. मिरच्यांना ती तोंड लावत नाहीत. जवळाही हुंगून सोडतात. पापडीवर मात्र जीव. सासरे काठी घेऊन खुर्चीत बसतात आणि दहा मिनिटांत त्यांचा डोळा लागतो. माकडं लांबून त्या डोळ्याकडेच बघत असतात, असा माझा पक्का संशय आहे.

पाणी भरायला लागलं तसे मी आणि मुलांचे बाबा वाळलेल्या मिरच्यांचं पोतं घेऊन मोऱ्याला निघालो. वर्षाचा मसाला पावसाआधी झालाच पाहिजे. मिरच्या, धणे, खडा मसाला घरी निवडून, भाजून, उरणच्या डंकावर कुटून आणायचा. डंकाशी रांग होती, कारण उरण तालुक्यातल्या सगळ्या बायकांना हीच घाई. शिंकत शिंकत उभं राहायचं आणि कुणाच्या लेकीचं कुठं ठरलं ते ऐकायचं.

आमची लेक उरणलाच होती, मामाकडे. कॉलेजला बेटाबाहेर जावंच लागतं, त्यामुळे इथल्या बहुतेक घरांत एखादं मूल असं मामाकडे नाहीतर आत्याकडे. बारावीचे पेपर मार्चात संपले. वाटलं, आता येईल. पण सीईटीचा क्लास सुरू झाला. बेटावर तिच्या खोलीत आम्ही कांदे ठेवायला लागलो होतो. तिला पाडव्यासाठी घेऊन यायचं ठरलं होतं. बाजारातून गाठी, झेंडू, नवा बांबू घेतला. बांबू लाँचमध्ये आडवा घातला तेव्हा एका आजोबांना लागला आणि त्यांनी मोरा सोडल्यापासून जेटीपर्यंत आमचा उद्धार केला.

चारच्या सुमारास परतलो, पाणी तेव्हा उतरत होतं. लेकीनं पहिल्यांदा नळ सोडून पाहिला. बेटावर धरण आहे, पण ते भरतं पावसावरच, आणि चैत्रापासून पाणी जपून वापरावं लागतं. "अजून येतंय की!" म्हणाली. शहरात राहून आलेली मुलगी घरी येऊन पहिल्यांदा पाणी तपासते, यावरून ती बेटाचीच राहिली असं मी समजते.

संध्याकाळी फ्रिजवरून वाजलं. दर उन्हाळ्यात वाजतं. दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या त्यात गार होतात, म्हणजे फ्रिज धंद्याचा, असं मुलांच्या बाबांचं मत. पाडव्याच्या गर्दीसाठी त्यांनी तो बाटल्यांनी ठासून भरला होता. सासूबाईंनी सकाळची कालवं ठेवायला दार उघडलं आणि बाटल्या एकेक करून ओट्यावर मांडल्या. त्यांचा मुलगा गप्प. मग त्याच म्हणाल्या, "फ्रिज नव्हता तवा आनलं त्या दिवशीच खाल्लं. आता ठेव, उद्या खाऊ, परवा खाऊ. कालवं काय परवाची असतात?" आणि सगळी कालवं त्याच रात्री, नव्या मसाल्यात, सुकी करून संपवली. बाटल्या परत आत गेल्या.

जेवताना दुसऱ्या दिवसाची वाटणी झाली. पहिली लाँच यायच्या आत दुकान उघडायचं, त्याआधी गुढी. कैऱ्या जाऊ चिरणार. प्रश्न उरला गाठीचा. आदल्या वर्षी गुढी उभारून आम्ही पायऱ्यांकडे वळलो, आणि माकडानं कौलांवर चढून साखरेची गाठी तेवढी काढून नेली होती. कडुलिंब जागच्या जागी. लेक म्हणाली, "मला सकाळी प्रश्नपत्रिका सोडवायचीय, मला काही सांगू नका."

"मंग गुढीखालीच सोडव," सासूबाई म्हणाल्या, "आनि काठी जवल ठेव."