आपल्याएवढी सावली

एप्रिल लागला की मराठवाड्यात लेकरांच्या मागं एकच वाक्य फिरतं, ‘उन्हात जाऊ नको.’ लेकरं जातातच. पाच वर्षांच्या जिवाला ‘बारा ते चार’ कळत नाही, सावली मात्र कळते. ‘ऊन का सावली’ खेळणाऱ्या पोराला लिंबाच्या सावलीची कड कुठं संपते हे मोजणीदारापेक्षा नेमकं ठाऊक असतं. ज्याच्यावर राज्य तो ऊन मागून घेतो, बाकीचे सावलीतून त्याच्या हद्दीत पाय घालतात आणि ओरडत माघारी पळतात.

या खेळाला एक नियम जोडावा असं मला मनापासून वाटतं. आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी झाली की सगळ्यांनी आत यायचं. सकाळी आठला अंगणात पोराला उभं करा, सावलीच्या पायाशी आणि डोक्याशी खडूच्या रेघा मारा, मग त्यालाच त्या रेघांमध्ये आडवं होऊ द्या. सावली जिंकते. साडेनवाला पुन्हा उभं केलं की ती हरलेली असते, आणि त्याचा आनंद काय वर्णावा! सूर्य ४५ अंशांच्या वर चढला की असं होतं, अतिनील किरणांचा मारा वाढतो तोही तेव्हाच. मेच्या मध्याला आपल्याकडं ही वेळ साधारण सव्वानऊ ते साडेतीन. त्याच दिवसांत सूर्य नेमका डोक्यावर येतो, आधी लातूरच्या, तीनेक दिवसांनी नांदेडच्या. अंगणात पालथा ठेवलेला पेला दारातल्या सावलीतूनच बघू द्यावा. सव्वाबाराच्या पुढं त्याची सावली त्याच्याच खाली शिरते.

पण सगळं सावलीला विचारून भागत नाही. चार वाजता ती लांब होते, तरी झळा चालूच असतात. म्हणून घसरगुंडीवर चढण्याआधी पत्र्याला हाताची मागची बाजू लावून ‘जागा आहे का झोपलाय?’ असं विचारायचं. चटका बसला तर तो जागा. एकमेकांच्या कानाला दस्ती बांधायची शर्यत लावावी. नांदेडच्या लेकरांना तर गुरुद्वाऱ्यात जाताना डोकं झाकायची सवय असतेच. दर डावानंतर माठातलं पाणी. आणि एखादं लेकरू गप्प झालं, अंग तापलं, तर डाव तिथंच मोडायचा, त्याला सावलीत घेऊन ओल्या फडक्यानं पुसायचं. पेंगायला लागलं तर थेट दवाखाना.

ऑस्ट्रेलियात १९८१ पासून कार्टूनमधला एक सीगल पक्षी गाणं म्हणत शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला असं शिकवत आला. तिथली धास्ती कातडीच्या कर्करोगाची, आपली आधी ऊन लागण्याची. त्यामुळं आपले खेळ आपणच रचायला हवेत.

खेळायला सावली मात्र हवी. लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच उरलंय आणि कितीतरी आवारांत पेव्हर ब्लॉक आले तसा लिंब गेला. शाळेच्या मैदानाच्या पश्चिम कडेला लिंब लावावेत, म्हणजे दुपार कलली की सावली मैदानावर येते. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं रोप जगवणं सोपं नाही. पण खिचडी खाऊन दीडशे लेकरं हात धुतात, ते पाणी चारी काढून रोपाच्या आळ्यात सोडता येतं. चारी खोदायला पोरं एका पायावर तयार असतात.