कोयनेच्या काठाने, सायकलवरून, दोघांनीच!

दिवाळी उरकली, पाहुणे गेले, फराळाचे डबे घासूनपुसून फळीवर चढले, की घराघरांतून एक प्रश्न निघतोच: आता चार दिवस कुठे जायचं? मग महाबळेश्वर, गणपतीपुळे, फार तर गोवा. गाडी ठरलेली, वाटेत चहा कुठे घ्यायचा तेही ठरलेलं. मी आज जरा वेगळं सुचवणार आहे. मुलांना दोन दिवस आजीकडे सोपवा, आणि तुम्ही दोघांनी कराडपासून कोयनानगरपर्यंत सायकलवरून जा.

"ह्या वयात?" असं म्हणालात ना? आमच्याकडेही हाच पहिला उद्गार निघाला, आणि तो सासूबाईंचा नव्हता, आमच्या ह्यांचा होता. पण शाळा-कॉलेजात असताना तुम्ही सायकल चालवत होतातच की! लग्नानंतर ती धाकट्या भावाकडे गेली आणि पुढे भंगारात. सायकल चालवणं अंग विसरत नाही, कमी होतो तो दम. आणि दम दीड महिन्यात परत मिळवता येतो. रोज सकाळी डबे भरायच्या आधी अर्धा तास, रविवारी जमलं तर दीड-दोन तास. एवढी तयारी पुरते, कारण हा रस्ता मोठा समजूतदार आहे.

परदेशात ही हौस आता जुनी झाली. अमेरिकेत युटा नावाचं एक रखरखीत राज्य आहे. तिथे मोआब गावाभोवती लाल वालुकाश्माच्या खोल घळी आहेत आणि त्यांच्या अंगावरून जोडपीच्या जोडपी डोंगरी सायकली घेऊन भटकतात. डोंगरी सायकल म्हणजे जाड नक्षीच्या टायरची, गिअरची, पुढच्या चाकाला स्प्रिंग असलेली. गंमत अशी, की तिथली सगळ्यात नावाजलेली वाट १९६९ साली आखली ती मोटारसायकलींसाठी! सायकलवाले मागाहून आले. त्याच मुलखात कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियनचं धरण झालं, १९६३ साली तिचं पाणी अडलं आणि कित्येक देखण्या घळी जलाशयाच्या पोटात गेल्या. आपल्याकडे वाळवंट नाही, लाल खडकही नाही. पण नदी, खोल दरी, डोंगर आणि पाण्याखाली गेलेला मुलूख हे सगळं कराडच्या पश्चिमेला पन्नास-साठ किलोमीटरवर आहे.

कोयना नदीचा स्वभावच निराळा. महाबळेश्वरात उगम पावते आणि इतर बहिणींसारखी पूर्वेला न वळता पासष्टेक किलोमीटर सरळ दक्षिणेला येते. हेळवाकपाशी मात्र काटकोनात वळून पूर्वेची वाट धरते ती थेट कराडला कृष्णेला भेटेपर्यंत. आपला रस्ता ह्या शेवटच्या तुकड्याच्या काठानं, नदीच्या उलट दिशेनं जातो. म्हणून चढ आहे, पण घाट नाही. नदीला जेवढी उतरण लागते तेवढाच आपल्याला चढ.

कराडहून उजाडताच निघा. हा गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्ग आहे. मालमोटारी येतात-जातात, त्यामुळे हँडलला आरसा आणि मागे लाल दिवा हवाच. मल्हारपेठ, नवारस्ता आणि मग पाटण. पहिल्या दिवशी पाटणलाच मुक्काम करा, असं माझं आग्रहाचं सांगणं. पुरुषांना एका दमात कोयनानगर गाठायची घाई असते. ती त्यांची हौस दुसऱ्या वर्षी पुरवावी.

आणि हो, एक नियम घरातूनच ठरवून निघा. चढावर बायकोनं पुढे राहायचं. तो पुढे गेला की काय होतं, बघा. वळणावर झाडाखाली उभा राहून तो मजेत पाणी पितो, तुम्ही धापा टाकत पोचता, आणि तुम्ही पोचल्याबरोबर तो म्हणतो, "चला, निघू या." त्याची विश्रांती झालेली, तुमची सुरूच व्हायची! जिचा वेग कमी ती पुढे, म्हणजे दोघांची विश्रांती सारखी. आमचे हे पहिले दहा किलोमीटर मागे राहून कुरकुरले. मग म्हणाले, "अरेच्चा, इथे पक्षी फार आहेत!" गेली वीस वर्षं त्यांना पक्षी दिसले नव्हते.

सायकलवरून गावं बंद काचेतून दिसत नाहीत, ती तुमच्याशी बोलतात. ह्या रस्त्यावर तुम्हाला शेतात बायकाच जास्त दिसतील. भाताची कापणी, मळणी, गुरांचं वैरणपाणी, सगळं त्यांच्याच हाती. ह्याचं कारण आहे. पाटण खोऱ्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला पाठीवर ओझी वाहायला गेले. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील ह्याच तालुक्यातले, आणि १९६९चा माथाडी कायदा झाला त्यामागे त्यांच्या संघटनेची चळवळ होती. मुंबईच्या बाजारात माल उतरवला कुणी हे निदान कागदावर आलं. इकडे शेतं सांभाळली कुणी, ते मात्र शेताच्या बांधावरच बघावं लागतं.

पाटणच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवालीनं माझ्याकडे, सायकलीकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "मोटार बिघडली व्हय वो ताई?"

"नाही हो, हौसेनं आलोय सायकलवर."

"हौसंनं? आन्‌ मालकबी हौसंनंच?"

तिनं चहाचे पैसे घ्यायला नकार दिला. वर शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवला, बहुधा दया येऊन.

हेळवाक आलं की कोयनानगर आलंच. डोंगर एकदम दोन्ही बाजूंनी जवळ येतात. हवेत गारवा येतो आणि मग समोर धरणाची करडी भिंत उभी राहते. उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरच्या वर, मधोमध सहा दरवाजे. पंडित नेहरूंच्या नावाची बाग आहे तिथून भिंत छान दिसते. प्रत्यक्ष धरणावर मात्र मनाला येईल तसं जाता येत नाही. बंदोबस्त असतो, फोटोला मनाई असते. तिथे हुज्जत घालू नये.

भिंतीमागे शिवसागर जलाशय. उत्तरेला पन्नासेक किलोमीटर पसरलेला, १०५ अब्ज घनफूट पाणी पोटात घेणारा. ह्या पाण्याची करामत अशी, की ते नदीच्या वाटेनं पूर्वेला न जाता डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात पोफळीकडे सोडलं जातं आणि त्यावर वीज होते. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. संध्याकाळी साऱ्या महाराष्ट्रात एकाच वेळी दिवे, मिक्सर, दूरदर्शन सुरू होतात ना, तेव्हा ही जलविद्युत फार कामी येते. पाण्याची यंत्रं काही मिनिटांत चालू होतात, कोळशाच्या बॉयलरला तेवढी घाई जमत नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजी सत्तरीच्या. रात्री चुलीवरची नाचणीची भाकरी, घट्ट पिठलं आणि लसणीचा खर्डा वाढता वाढता त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्या ऐकायला तरी तुम्ही इथे एक रात्र राहा, असं मी म्हणेन.

पहिली भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारच्या सुमाराची वेळ, कडाक्याची थंडी. "आदी भांडी वाजली," आजी म्हणाल्या, "मग घर वाजलं." पावणेदोनशेहून अधिक माणसं त्या पहाटे गेली आणि कोयनानगरची बहुतेक घरं आडवी झाली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण भिंत उभी राहिली. पुढे तिला मागच्या बाजूनं भक्कम आधार देऊन मजबूत केलं. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होतात, ह्याचं जगभरच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासातलं हे ठळक उदाहरण आहे. २०१७ साली इथल्या गोठण्याजवळ जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन झालं, ते ह्याच अभ्यासासाठी. लहानसहान धक्के अजूनही बसतात. आजींच्या मांडणीवर म्हणूनच काचेची बरणी नाही, सगळी पितळ आणि स्टील.

दुसरी गोष्ट त्यांनी सकाळी सांगितली, पाण्याकडे बोट दाखवून. "आमची जुनी चूल हितं खाली हाय." धरण भरलं तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या. गावच्या गावं उठली. कुणी वर डोंगरावर सरकलं, कुणी पार ठाणे, रायगड, सोलापूर जिल्ह्यांत गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की जुन्या घरांचे चौथरे वर येतात आणि त्यांची आई जिवंत असेपर्यंत त्या वेळी काठावर जाऊन बसायची, असं त्या म्हणाल्या. काय बघायची? "जातं कुठं होतं त्ये." आम्ही दोघं काही बोललो नाही. साठ वर्षं होऊन गेली, तरी कित्येक धरणग्रस्त कुटुंबांचे जमिनीचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत आणि त्यासाठी ह्याच कोयनानगरात त्यांना धरणं धरून बसावं लागलं आहे. शब्द तोच, "धरण".

दुसऱ्या दिवशी सायकलीवर ओझं न घेता नवजाकडे जा. आठ-दहा किलोमीटरचाच रस्ता, पण इथे डोंगरी सायकलीचे गिअर कामी येतात. चढ, उतार, पुन्हा चढ, दोन्ही अंगांनी जंगल. नवज्याला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जवळच ओझर्डे धबधबा आहे. पावसाळ्यात तो गर्जत असतो. नोव्हेंबरात आवाज कमी, पण गर्दीही कमी. हा सारा परिसर १९८५ पासून कोयना अभयारण्य आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. म्हणून नाक्यावर विचारल्याशिवाय आडवाटेला सायकल घालू नका. गवे आहेत, बिबट्या आहे, नशिबात असेल तर झाडावर शेकरू दिसेल. उन्हं कलायच्या आत मुक्कामी परत.

आता थोडं घरगुती. सलवार-कमीजच हवा असेल तर पायाशी अरुंद सलवार घ्या. ओढणी घरीच ठेवा, चाकात गेलेली ओढणी गळ्याला फास लावते. साडीचा विचारही नको. हेल्मेट दोघांनाही. नवऱ्यानं "मला काय होतंय" म्हटलं तरी त्यालाही. बसून बसून मांड्या सोलवटतात, त्यावर व्हॅसलीन सकाळीच लावावं, सोलवटल्यावर नव्हे. पाळीच्या तारखा बघूनच बेत आखा, ह्यात संकोच कसला? बाटलीतल्या पाण्यात लिंबू, चिमूट मीठ आणि चमचाभर साखर घालावी. पिशवीत गूळ-शेंगदाणे आणि दोन मूठ खारका. चिवडा नको, तहान वाढवतो. पंक्चरचं सामान, हवेचा लहान पंप आणि एक जादा ट्यूब घ्या. पंक्चर काढायला दोघांनीही शिकून घ्या, हे काम एकट्यावर ठेवू नका. जुलै-ऑगस्टात इकडे सायकलीनं मुळीच येऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे स्वेटर लागतोच.

काही जण कोयनानगरहून पुढे कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरतात. रस्ता देखणा आहे, पण वळणं अवघड आणि ब्रेक सतत दाबून बोटं सुजतात. पहिल्या खेपेला मी हा बेत सुचवणार नाही. आलात तसे नदीबरोबर कराडला परत जा. आता उतार तुमच्या बाजूचा. येताना जे वळण डोळे भरून बघायला दम नव्हता ते आता दिसतं. नियमाप्रमाणे मीच पुढे होते, आणि मागून "अहो, जरा हळू!" हे वाक्य लग्नानंतर प्रथमच ह्यांच्या तोंडून ऐकलं.

कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा अगदी समोरासमोर येऊन मिळतात. तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. आम्ही सायकली भिंतीला टेकवल्या आणि घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलो. ह्यांनी विचारलं, "काय गं, पुढच्या वर्षी चिपळूणकडून घाट चढून येऊ या का?"

"गुडघ्यांना विचारून सांगते," मी म्हटलं.