हातात राहिलेले वस्त्र



उत्पत्तीच्या ३९ व्या अध्यायात योसेफ तुरुंगात जातो. पुरावा काय, तर पोटीफराच्या बायकोच्या हातात राहिलेले त्याचे वस्त्र. वस्त्र खरे होते, गोष्ट खोटी होती. पण ती आधी सांगितली गेली, आणि योसेफाला कोणी काही विचारल्याचे शास्त्रात कुठे दिसत नाही.

आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या एका गोंड घरातल्या मुलाचे असेच झाले. तो भोपाळच्या गांधी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होता. मैत्रिणीच्या खुनाच्या आरोपावरून २००८ साली त्याला अटक झाली, २००९ साली जन्मठेप. त्याच्या एका सीनियर डॉक्टरने पोलिसांकडे संशय बोलून दाखवला होता. त्या डॉक्टरच्या ड्रायव्हरची साक्ष शिक्षेचा आधार ठरली. मे २०२२ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पोलिसांनी तपास केला तो त्याला गोवण्यासाठीच, आणि कदाचित त्या सीनियरला वाचवण्यासाठी, असे न्यायालयाने म्हटले. शासनाने त्याला ४२ लाख रुपये द्यावेत असा आदेशही दिला. पण तेरा वर्षे कोण परत देणार?

अन्याय असाच घडतो. एकदा नाव ठरले की त्या नावाला जुळेल तेवढेच गोळा होते. न जुळणारे कोणी उचलत नाही.

ही बातमी वाचून आम्ही पोलिसांना बोल लावत होतो. मग आमच्यातल्या एका ताईंनी आठवण करून दिली. काही वर्षांपूर्वी उपासनेनंतर अर्पणाचे एक पाकीट सापडेना. सतरंज्या उचलणारा मुलगा तेवढा मागे थांबला होता. घरची गरिबी, नवी चप्पल. आम्हाला पुरे झाले. तोंडावर कोणी काही बोलले नाही, फक्त त्याला किल्ली देणे बंद केले. दोन महिन्यांनी पाकीट गीतांच्या पुस्तकांच्या कपाटामागे मिळाले. तोवर त्याने मंडळीत येणे सोडले होते.

आमच्या हातातही वस्त्रच होते. आम्ही त्याला एकदाही विचारले नव्हते.

येत्या रविवारी आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत, क्षमा मागायला. तो दार उघडेल की नाही, ठाऊक नाही. आमच्यासाठी प्रार्थना करा. आणि आज तुमच्या मनात कोणाचे नाव ठरले असेल, तर आधी त्याचे ऐका.

आमेन.